इंग्रजी वाक्प्रचारात 'माय', 'हिज', 'युअर' सारखं चुकतंय? या क्रमाने तपासा

लक्षणं

तुमच्या ईमेलमध्ये, निबंधात किंवा अर्जात यातलं काही दिसतंय का, ते आधी बघा.

- 'ही चेंज्ड माइंड.' मधला 'हिज' गळालाय.
- 'आय विल डू युअर बेस्ट.' प्रयत्न मी करणार आणि 'बेस्ट' मात्र समोरच्याचं.
- 'शी पुल्ड हर लेग.' सांगायचं होतं की तिने माझी थट्टा केली.
- 'ही इज माय वन फ्रेंड.'
- 'आय हॅव ओन हाउस.'
- 'अवर प्रिन्सिपल चेंज्ड देअर माइंड.'
- 'आय लर्न्ट द पोएम बाय माय हार्ट.'
- 'द टीम लॉस्ट इट्स वे', आणि त्या 'इट्स'मध्ये एसच्या आधी अपोस्ट्रॉफी.

दुसऱ्यांचं इंग्रजी तपासताना मला सर्वांत जास्त वेळा दुरुस्त करावा लागणारा बिघाड हाच. लिहिणारा हुशार असतो, शब्दसंग्रह चांगला असतो, काळ आणि क्रियापदं बरोबर असतात, आणि नेमकं या छोट्या शब्दापाशी वाक्य लंगडतं. मग 'इंग्रजीच्या वाक्प्रचारांना काही नियमच नाही' असं म्हणून तो वाक्प्रचारांची यादी पाठ करायला बसतो. अशा याद्यांवर माझा विश्वास नाही. यादीत वाक्प्रचार सुटा असतो, त्याला कर्ता नसतो, आणि बिघाड असतो तो कर्ता आणि वस्तू यांच्या नात्यात.

मूळ कारण मराठीच्या सवयीत आहे. 'मी हात धुतले' म्हटलं की हात कोणाचे, असं आपल्याकडे कुणी विचारत नाही. सांगायचंच झालं तर 'आपला' हा एक शब्द सगळ्यांना पुरतो: मी आपला निर्णय बदलला, तिने आपला निर्णय बदलला, त्यांनी आपला निर्णय बदलला. इंग्रजीत 'आपला'ला जोड नाही. तिथे मालक दर वेळी सांगावा लागतो आणि प्रत्येक मालकाचा शब्द वेगळा. म्हणून खालच्या प्रत्येक तपासणीत प्रश्न एकच विचारायचा: कोणाचं? सोप्या तपासण्या वर ठेवल्या आहेत. बहुतेकांचा बिघाड पहिल्या तीनमध्येच सापडतो.

पहिली तपासणी: अपोस्ट्रॉफी

हिला मिनिटभर लागतं, म्हणून ही आधी. लिहिलेल्या मजकुरात 'इट्स' शोधा आणि प्रत्येक ठिकाणी तो फोडून 'इट इज' किंवा 'इट हॅज' असा वाचा. वाक्य नीट लागलं तर अपोस्ट्रॉफी हवी. 'द टीम लॉस्ट इट इज वे' असं काही विचित्र ऐकू आलं तर ती काढून टाका. 'युअर', 'देअर' आणि 'हूज' यांनाही हीच फोड लावा. 'यू आर', 'दे आर', 'हू इज' असं वाचून बघायचं.

'यूअर्स', 'हर्स', 'अवर्स', 'देअर्स' यांना अपोस्ट्रॉफी कधीच नसते, पत्राच्या शेवटी येणाऱ्या 'यूअर्स फेथफुली'लाही नसते. 'वन्स', म्हणजे 'कोणा एकाचं', याला मात्र असते. नामांना पझेसिव्ह, म्हणजे मालकी दाखवणारं रूप, करताना अपोस्ट्रॉफी लावायची आणि सर्वनामांना लावायची नाही, असं आपण शिकतो. 'वन्स', 'समवन्स', 'एव्हरीबडीज' हे त्यातले अपवाद.

गोंधळ होण्यात तुमचा फार दोष नाही. मालकी दाखवणारा 'इट्स' इंग्रजीत उशिरा, १६व्या शतकाच्या शेवटी लेखनात आला. त्याआधी निर्जीव वस्तूंनाही 'हिज' चालायचा. पुढे १७व्या आणि १८व्या शतकात चांगले लेखकसुद्धा त्यात अपोस्ट्रॉफी घालत. आजचा नियम मात्र पक्का आहे, आणि अर्जात ही चूक लगेच डोळ्यांत भरते. स्पेलिंग तपासणाऱ्या साध्या सोयीवर विसंबू नका. दोन्ही शब्द कोशात आहेत, त्यामुळे तिच्या लेखी दोन्ही बरोबर.

दुसरी तपासणी: शब्द गळालाय का?

आता शरीर, मन, वेळ, जीव, शब्द, श्वास असे शब्द जिथे जिथे आलेत तिथे थांबा. त्यांच्याआधी काहीच नसेल तर संशय घ्या. 'त्याने खिशात हात घातला' या वाक्यात मालक एकदाही आलेला नाही आणि तरी ते पूर्ण आहे. इंग्रजीत तेच 'ही पुट हिज हँड इन हिज पॉकेट' होतं: एका छोट्या वाक्यात दोनदा 'हिज'. मराठी कानाला हे अतीच वाटतं, म्हणून हात आपोआप शब्द गाळतो. त्या कानाचं इथे ऐकायचं नाही.

वाक्प्रचारांत हेच घडतं: 'लॉस्ट माय टेम्पर', 'होल्ड युअर ब्रेथ', 'केप्ट हर वर्ड', 'मेड अप देअर माइंड्स', 'डिड अवर बेस्ट'. मधला शब्द काढला की वाक्प्रचार उरत नाही.

याच तपासणीत 'ओन' बघून घ्या. मराठीत 'स्वतःचं घर' म्हणताना 'स्वतःचं' एकटं उभं राहतं. इंग्रजीतल्या 'ओन'ला एकट्याने उभं राहता येत नाही, त्याला आधी 'माय', 'हर', 'देअर' यांपैकी कोणीतरी लागतोच. म्हणून 'आय हॅव ओन हाउस' चूक आणि 'अॅन ओन हाउस'ही चूक. 'आय हॅव माय ओन हाउस' किंवा 'आय हॅव अ हाउस ऑफ माय ओन' असं लिहा. 'ऑन माय ओन' मात्र निराळं: एकट्याने, कुणाच्या मदतीशिवाय.

तिसरी तपासणी: शब्द आहे, पण कर्त्याशी जुळतोय का?

'आय विल डू युअर बेस्ट' ही चूक बहुतेक वेळा शब्दकोशातून येते. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीचे कोश वाक्प्रचार 'डू युअर बेस्ट', 'चेंज युअर माइंड' असा छापतात, काही कोश 'चेंज वन्स माइंड' असा देतात. हे 'युअर' आणि 'वन्स' म्हणजे रिकामी जागा आहे, ती आपल्या कर्त्याप्रमाणे भरायची असते. कर्ता 'आय' तर 'माय', 'शी' तर 'हर', 'वुई' तर 'अवर'. कोशातलं रूप आहे तसं उचललं की चूक ठरलेली. आज्ञार्थी वाक्यात कर्ता दिसत नाही, पण तो 'यू' असतो, म्हणून 'टेक युअर टाइम'.

आदरार्थी अनेकवचन हा खास आपला अडथळा. मुख्याध्यापकांबद्दल 'त्यांनी निर्णय बदलला' म्हणायची सवय असते, आणि तो 'त्यांनी' इंग्रजीत 'देअर' होऊन येतो. एका व्यक्तीबद्दल 'हिज' किंवा 'हर' लिहिण्यात इंग्रजीत अनादर नाही. आदर तिथे इतर शब्दांनी दाखवतात. व्यक्ती स्त्री की पुरुष ते माहीत नसेल, ती स्वतःसाठी 'दे' वापरत असेल, किंवा कर्ता 'एव्हरीवन' असेल, तर 'देअर' योग्यच आहे. एकवचनी 'देअर' हा आजकालचा शोध नव्हे, तो इंग्रजीत १४व्या शतकापासून सापडतो. 'एव्हरीवन डिड देअर बेस्ट' बिनधास्त लिहा.

कर्ता अनेकवचनी असला की नामाकडेही बघा. मराठीत 'त्यांचं मन बदललं' असं एकच मन चालतं. इंग्रजी प्रत्येकाला वेगळं मन देतं: 'दे चेंज्ड देअर माइंड्स', 'दे लॉस्ट देअर लाइव्ह्ज', 'दे शूक देअर हेड्स'. पण 'दे केप्ट देअर वर्ड', 'वुई हेल्ड अवर ब्रेथ', 'दे टुक देअर टाइम' इथे नाम एकवचनीच राहतं. मोजता येणारे अवयव आणि जीव अनेकवचनी होतात. वचन या अर्थाचा 'वर्ड', श्वास, वेळ हे होत नाहीत.

चौथी तपासणी: मालक कर्ता आहे की दुसरा कोणी?

इथे जरा थांबावं लागेल. वाक्य व्याकरणात बसतं आणि तरी अर्थ उलटा जातो, असं होतं ते इथेच. 'शी पुल्ड हर लेग' या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नाही. फक्त त्यात थट्टा तिसऱ्याच बाईची झाली. थट्टा माझी झाली असेल तर 'शी पुल्ड माय लेग'.

वाक्प्रचार वापरण्याआधी दोघांना वेगळं करून बघा: करणारा कोण आणि वस्तू कोणाची? उत्तरं तीन प्रकारची मिळतात.

काहींमध्ये मालक कर्ताच असतो, दुसरा असूच शकत नाही. 'लूज युअर टेम्पर', 'डू युअर बेस्ट', 'टेक युअर टाइम', 'कीप युअर वर्ड'. स्वतःचा तोल स्वतःच जातो. 'ही लॉस्ट हर टेम्पर' याला अर्थ नाही.

काहींमध्ये मालक नेहमी दुसरा. 'पुल समबडीज लेग', 'गेट ऑन समबडीज नर्व्ह्ज', म्हणजे एखाद्याच्या डोक्यात जाणं, 'स्टील समबडीज थंडर', म्हणजे दुसऱ्याच्या वाट्याचं कौतुक आपल्याकडे ओढणं, 'बिहाइंड समबडीज बॅक', म्हणजे एखाद्याच्या पाठीमागे. 'इट स्लिप्ड माय माइंड' आणि 'इट क्रॉस्ड माय माइंड' हेही याच घरातले. तिथे कर्ता ती गोष्ट असते आणि मन माझं. म्हणून 'आय स्लिप्ड माय माइंड' असं लिहिता येत नाही. 'मी विसरलो' मधला 'मी' तिथे कर्ता होऊच शकत नाही.

तिसरा प्रकार सगळ्यांत निसरडा, कारण त्यात दोन्ही चालतं आणि अर्थ बदलतो. 'आय चेंज्ड माय माइंड' म्हणजे मीच विचार बदलला. 'शी चेंज्ड माय माइंड' म्हणजे तिने माझं मन वळवलं. 'यू आर वेस्टिंग युअर टाइम' मध्ये सल्ला आहे, 'यू आर वेस्टिंग माय टाइम' मध्ये राग. ईमेलमध्ये इथे एक शब्द चुकला की समोरचा दुखावतो. म्हणून घाईचं पत्र असलं तरी ही तपासणी मी कधी गाळत नाही.

चांगला कोश हा फरक छापूनच देतो, पण बहुतेकांचं तिकडे लक्ष जात नाही. वाक्प्रचारात 'युअर' किंवा 'वन्स' छापलं असेल तर मालक कर्ता. 'समबडीज' किंवा 'समवन्स' छापलं असेल तर मालक दुसरा. कोश उघडल्यावर अर्थाच्या आधी हे बघायची सवय लावा.

मराठी या बाबतीत इंग्रजीपेक्षा नेमकी आहे, हे सांगायला मला आवडतं. 'त्याने आपला जीव वाचवला' आणि 'त्याने त्याचा जीव वाचवला' यांत जीव कोणाचा ते आपल्याला कळतं. इंग्रजीत दोन्ही 'ही सेव्ह्ड हिज लाइफ'. संदर्भाने उलगडत नसेल तर पहिल्यासाठी 'हिज ओन लाइफ' लिहा आणि दुसऱ्यासाठी त्या माणसाचं नाव किंवा नातं: 'ही सेव्ह्ड हिज ब्रदर्स लाइफ'. एकाच वाक्यात दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया आल्या की हा धोका असतोच.

पाचवी तपासणी: 'माय' की 'माइन'?

'माझा एक मित्र' याचं शब्दाला शब्द ठेवून 'माय वन फ्रेंड' होतं, आणि इंग्रजी वाचणाऱ्याला वाटतं, बिचाऱ्याला एकच मित्र आहे. इंग्रजीत 'माय'च्या शेजारी 'अ', 'धिस', 'दॅट', 'नो' यांना जागा मिळत नाही. दोन्ही हवे असतील तर मालकाला मागे पाठवायचं आणि 'माय'चा 'माइन' करायचा: 'अ फ्रेंड ऑफ माइन'. 'ही तुझी सवय' म्हणजे 'धिस हॅबिट ऑफ युअर्स'. 'धिस युअर हॅबिट' नव्हे. 'थ्रू नो फॉल्ट ऑफ हिज ओन', म्हणजे त्याचा काही दोष नसताना, हा वाक्प्रचारही याच सांध्यावर उभा आहे. 'ऑफ'नंतर 'मी', 'हिम', 'हर' आलेले दिसले की तिथे एकदा बघाच. 'अ फ्रेंड ऑफ हिम' ही चूक फार आढळते.

सहावी तपासणी: पझेसिव्ह मुळात हवाय का?

दुसऱ्या तपासणीनंतर काही जणांचा लंबक उलट्या टोकाला जातो आणि ते सगळीकडे 'माय', 'हिज' पेरू लागतात. 'बाय माय हार्ट' हे त्यातूनच येतं. पाठ करणं म्हणजे नुसतं 'बाय हार्ट'. 'लेंड अ हँड', 'टर्न अ ब्लाइंड आय', 'गेट कोल्ड फीट', 'बाइट द बुलेट' यांत अवयव किंवा वस्तू असूनही मालक येत नाही. 'ही हिट मी ऑन द हेड', 'शी टुक मी बाय द हँड' अशा रचनेत माणूस 'मी' म्हणून आधीच येऊन गेलेला असतो, म्हणून अवयवाला 'द' पुरतो.

ही तपासणी अवघड आहे, कारण एकच क्रियापद आणि एकच नाम पझेसिव्हसह एक अर्थ देतं आणि त्याविना दुसरा. 'लूज हार्ट' म्हणजे धीर सोडणं, 'लूज युअर हार्ट टू समवन' म्हणजे कुणाच्या प्रेमात पडणं. 'लूज टच' म्हणजे संपर्क तुटणं, 'लूज युअर टच' म्हणजे हातातलं कसब जाणं. 'लूज साइट ऑफ द गोल' म्हणजे ध्येयाचा विसर पडणं, 'लूज युअर साइट' म्हणजे दृष्टी जाणं. 'टेक प्लेस' म्हणजे घडणं, 'टेक युअर प्लेस' म्हणजे आपल्या जागी जाऊन बसणं किंवा उभं राहणं. 'इट टेक्स टाइम' म्हणजे वेळ लागतो, 'टेक युअर टाइम' म्हणजे घाई करू नका.

'वे' या एकाच शब्दाकडे बघा. 'ऑन माय वे' म्हणजे मी निघालोय. 'इन माय वे' म्हणजे माझ्या वाटेत आडवा, आणि 'इन माय ओन वे' म्हणजे माझ्या पद्धतीने. 'मेक वे' म्हणजे वाट करून देणं, 'मेक युअर वे' म्हणजे वाट काढत जाणं. 'गो आउट ऑफ युअर वे' म्हणजे दुसऱ्यासाठी मुद्दाम तोशीस सोसणं, 'हॅव युअर वे' म्हणजे आपलंच खरं करणं. 'बाय द वे' आणि 'गिव्ह वे' मध्ये मालकाला थाराच नाही. 'ऑन द वे' आणि 'इन द वे' हेही बरोबर आहेत, तिथे दुरुस्तीत वेळ घालवू नका.

याला सूत्र नाही, हे मी स्पष्ट सांगतो. पण एक खूण बऱ्याचदा कामी येते: मालक आला की गोष्ट एका माणसाची होते, त्याचं कसब, त्याची जागा, त्याची गती. मालक नसला की ती घटना किंवा परिस्थिती असते. या खुणेवर अंदाज बांधा आणि कोशात पडताळून घ्या. नुसत्या अंदाजावर पाठवू नका.

सातवी तपासणी: हलवता न येणारे

'मार्क माय वर्ड्स', 'ओव्हर माय डेड बॉडी', 'आय बेग युअर पार्डन', 'माय गुडनेस' हे बोलणाऱ्याच्या तोंडी जसे आहेत तसेच राहतात. 'हर गुडनेस' केलं तर उद्गार जातो आणि तिचा चांगुलपणा उरतो. असे वाक्प्रचार थोडे आहेत. ते अवतरणात, संवादातच वापरा. निवेदनात वळवून लिहायचा मोह होईल तिथे साधं वाक्य लिहा.

'आय अप्रिशिएट युअर हेल्पिंग अस' मधला 'युअर' औपचारिक लेखनात हवा असतो, बोलण्यात आणि साध्या ईमेलमध्ये 'यू' सर्रास चालतं. दोन्ही बरोबर असल्यामुळे एका मजकुरात एकच ठेवा आणि पुढे चला.

कुठे थांबायचं

वाक्प्रचार दोन चांगल्या कोशांत सापडला नाही, किंवा सापडूनही मालक कोण ते कळत नसेल, तर तो वाक्प्रचार सोडा. 'मेड अप माय माइंड' ऐवजी 'डिसायडेड' लिहिलं तर काही कमी होत नाही. चुकलेला वाक्प्रचार साध्या शब्दापेक्षा नेहमीच वाईट दिसतो.

करार, मृत्युपत्र, प्रतिज्ञापत्र, भागीदारीचा मसुदा यांत 'हिज', 'देअर', 'इट्स' स्वतः दुरुस्त करू नका. तिथे 'कोणाचं' या प्रश्नाला पैसा आणि हक्क चिकटलेले असतात. चांगला वाटणारा बदलही अर्थ फिरवू शकतो. शंका असलेल्या जागी खूण करा आणि वकिलाकडे पाठवा.

छापायला जाणाऱ्या पुस्तकासाठी किंवा शोधनिबंधासाठी पहिल्या तीन तपासण्या स्वतः करा आणि पुढचं संपादकाकडे द्या. चौथ्या आणि सहाव्या तपासणीत भाषेचा कान लागतो. स्वतःच्या मजकुरात तो कान आपल्याला फसवतो, कारण काय म्हणायचं होतं ते आपल्याला आधीच माहीत असतं.

लिहिताना सगळं बरोबर येतं आणि बोलताना मात्र शब्द गळतो, असं असेल तर कागदावरच्या तपासण्यांचा उपयोग नाही. समोर बसून ऐकणारा आणि चूक झाल्याक्षणी थांबवणारा शिक्षक लागेल. त्याला सांगा की मी कर्ता वाक्यागणिक बदलत जाईन, 'आय', 'शी', 'दे', आणि एकच वाक्प्रचार प्रत्येकाबरोबर म्हणेन. सुरुवात 'चेंज युअर माइंड'पासून करा. त्यात शब्द गळणं, कर्त्याशी न जुळणं, अनेकवचन आणि दुसऱ्याचं मन वळवणं, चारही अडचणी एकत्र येतात.